लुशाच्या वाट्याचं सफरचंद

आमच्या झारुच्ये गावात आज कुणाच्याही फाटकातून आत गेलात तर आधी सफरचंदाच्या फांदीला डोकं आपटतं, मग घरची बाई दिसते. शेजारच्या गावांना आमच्या झाडांचा भारी हेवा. जळोत बापडे. आमची पांढरी नालिव जातीची सफरचंदं पिकली की उन्हासमोर धरल्यावर आतल्या बिया दिसतात, आणि चावलं की रस हनुवटीवर येतो. पण एक काळ असा होता की सगळ्या गावात मिळून सफरचंदाचं एकही झाड उरलं नव्हतं. वीज पडून गेली नव्हती ती, कीड लागूनही नाही. आम्हीच तोडली होती.

युद्ध संपलं, गावचे पुरुष बहुतेक तिकडेच राहिले, आणि मॉस्कोतल्या शहाण्यांनी परसातल्या प्रत्येक फळझाडावर कर बसवला. गाईवर होता, शेळीवर होता, आता झाडावर. झाडाला फळ येवो न येवो, थंडीने अर्धं वाळो, कर भरायचाच, आणि तोही रोख. सामूहिक शेतावर वर्षभर हाडं झिजवून घरात यायचं थोडं राय धान्य. रोख पैसा कुठला आणायचा? मग एका मार्चात घरोघर कुऱ्हाडी निघाल्या. दिवसभर ठकठक चाललेली, आणि बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

उस्तिन्याच्या परसात एकच झाड होतं. तिची लेक लुशा जन्मली त्या वर्षी लावलेलं. नवरा युद्धात गेला, आणि युद्धानंतरच्या उपासमारीच्या हिवाळ्यात लुशा तापाने गेली. घरात राहिली ती उस्तिन्या आणि दारात राहिलं ते झाड. झाडं मोजायला यायचा येलिझार. परका नव्हता हो, याच गावचा, लहानपणी उस्तिन्याबरोबर नदीवर गुरं राखलेला. कर खात्यात लागला आणि गावाने त्याला दगड म्हणायला सुरुवात केली. तो म्हणाला, झाड उभं आहे तोवर मला मोजावंच लागेल, माझ्यावरही वरून डोळे आहेत. उस्तिन्याने कुऱ्हाड आणली. त्याच्या देखतच तिने झाड पाडलं. त्या दिवसापासून त्याला ती 'तू' म्हणाली नाही. "तुम्ही, येलिझार फोमिच" असं, जोड्याने मारल्यासारखं म्हणायची.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ऑगस्टात आमच्याकडे स्पासचा सण येतो, सफरचंदांचा. त्याआधी नवं सफरचंद कुणी खात नाही, आणि ज्या आईबापांचं लेकरू गेलंय त्यांनी तर जिभेलाही लावायचं नाही. स्वर्गात त्या दिवशी मुलांना सफरचंदं वाटतात म्हणे. ज्याच्या आईने किंवा बापाने आधीच तोंड घातलं असेल त्या लेकराला सांगतात, तुझं सफरचंद डुकराने खाल्लं बाळा, तू तसाच बस. हसू नका. ज्याचं गेलंय तो या गोष्टीला हसत नाही.

उस्तिन्या कडकडीत पाळायची. पण झाडं तुटल्यावर पाळून करायचं काय? स्पासला थडग्यावर ठेवायला फळच नाही. ती काकडी न्यायची, वाटाण्याच्या शेंगा न्यायची, आणि परतताना रडायची. सगळी मुलं सफरचंदं खात असतील आणि माझी पोर काकडी धरून बसली असेल, एवढंच तिच्या डोक्यात.

पण बाई मुळूमुळू रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिचा बाप जुन्या जमीनदाराच्या बागेत माळी होता, आणि कलमाचा चाकू तिला वारशाने मिळाला होता. झाड पाडलं त्याच संध्याकाळी तिने कोवळ्या काड्या कापून तळघरात बर्फात पुरल्या. वसंत आला तशी झाडूसाठी फांद्या आणते म्हणून रानात गेली. आमच्या रानात आडबाजूला जंगली सफरचंदं उगवतात, बोराएवढं फळ, आणि एवढं आंबट की दात शिवशिवतात. त्या झाडांवर तिने लुशाच्या झाडाच्या काड्या बांधल्या. रान सरकारचं, तिथली झाडं कोण मोजतो? गावात कानोकान खबर नव्हती. शेजारीण फेक्लाला कोंबडीने अंडं घातलं तरी कळायचं, पण हे तिलाही कळलं नाही.

कलमं जगली. चार वर्षं उस्तिन्या चोरासारखी रानात जात-येत राहिली. त्रेपन्न साली, मार्चात, मॉस्कोत सगळ्यात वरचा माणूस मेला. गावाने टोप्या काढल्या, बायांनी डोळ्यांना पदर लावले, आणि दुसऱ्या दिवशी शेण काढायला गेली सगळी. त्याच वर्षी रानातल्या कलमांना पहिल्यांदा फळ धरलं.

आणि मग बाईला घोर लागला. फळ दाट सावलीत वाढलेलं, लहानखुरं, हिरवट. बाप म्हणायचा की जंगली खुंट कधी कधी कलमाला आपल्याकडे ओढतो. हे नालिव उतरलंय की नुसतं रानटी? सोपं होतं, एक चावा घेतला की झालं. पण तोच तर घेता येत नव्हता. चार वर्षं तिचा जीव त्या फांदीवर टांगलेला आणि स्पास अजून दोन आठवड्यांवर. ती फळ हातात घ्यायची, नाकाला लावायची, परत सोडून द्यायची.

रानडुकरं खाली पडलेली फळं फस्त करायला लागली तेव्हा तिने ठरवलं की थोडी आधीच काढून घरी ठेवावीत. झोळणा भरून ती रानाच्या वाटेवर आली आणि समोर येलिझारची घोडागाडी. शेजारी जिल्ह्याहून आलेला तपासणीस, चकाकत्या बुटांचा, गोरागोमटा, कुणाला तरी पकडल्याशिवाय परत जायचं नाही अशा चेहऱ्याचा. उस्तिन्याच्या तोंडचं पाणी पळालं.

तपासणिसाने झोळणा उघडायला लावला. या गावात फळझाड एकही नाही असं कागदावर आहे, मग हे काय, असं त्याने विचारलं. रानातली जंगली आहेत, उस्तिन्या म्हणाली. तपासणीस हसला. जंगली असतील तर गुन्हा नाही, आणि गोड असतील तर कुठेतरी लपवलेली बाग आहे, म्हणजे खटला. त्याने एक फळ तिच्यापुढे धरलं.

"खाऊन दाखव. तोंड वाकडं झालं की सोडतो."

उस्तिन्याने हात मागे घेतले. स्पासच्या आधी खात नाही म्हणाली. तपासणीस म्हणाला, कसला स्पास, अजून या भाकडकथा चालतात का इकडे? ती जागची हलली नाही. तुरुंग परवडला, पण पोरीचा घास तिने घेतला नसता. तपासणिसाचे कान लाल व्हायला लागले, तेवढ्यात येलिझारने आडवा हात घालून ते फळ घेतलं आणि कचकन चावलं.

तो सावकाश चावत राहिला. चेहरा मख्ख, नेहमीसारखा. मग म्हणाला, "जंगली आहे, साहेब. शुद्ध आंबट. खायचं असेल तर खा, पण जिल्ह्यापर्यंत पोट धरून बसावं लागेल."

तपासणिसाने तोंड वेडंवाकडं केलं आणि गाडी हाकायला सांगितली.

सुटली बाई! पण तिला सुटल्याचा आनंद कुठला? ती वाटेतच खाली बसली. येलिझारने आपल्यासाठी खोटं बोलावं असं काही कारण तिला दिसेना. बाग पकडली असती तर त्याला बढती मिळाली असती. म्हणजे फळ खरंच आंबट. खुंटाने कलम ओढून नेलं, आणि लुशाचं झाड दुसऱ्यांदा मेलं. झोळणा तिने फेकून दिला नाही एवढंच.

आठवडा गेला असेल नसेल, आणि खळ्यावर वर्तमानपत्र आलं. आमच्या सामूहिक शेताचा अध्यक्ष निकानोर, एका हाताचा माणूस, तो कागद गुडघ्यावर धरून वाचायला लागला. शेतकऱ्यांवरचा कर निम्म्याने कमी, जुनी थकबाकी माफ, आणि यापुढे कर परसाच्या जमिनीवर, गाईवर नाही आणि झाडावर नाही. बायांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. ताकही फुंकून पिणारी माणसं आम्ही, एका बाईने तर कागद उलटा करून मागे काही वेगळं लिहिलंय का तेही बघितलं. मग फेक्लाने दाताळं फेकून दिलं आणि खळ्यावर फेर धरला, आणि निकानोर उरलेल्या एका हाताने तिच्यासोबत नाचला. काय दिवस होता तो! आजही सांगताना अंगावर काटा येतो.

नाच थांबल्यावर कुणीतरी म्हणालं, झाडांवरचा कर गेला, पण झाडं कुठायत? आजूबाजूची गावंही बोडकीच होती. फेक्लाने फेकलेलं दाताळं परत उचललं.

त्या संध्याकाळी उस्तिन्याने फेक्लाला सगळं सांगितलं. फेक्ला आ वासून ऐकत राहिली. तिचीही दोन लेकरं त्याच मातीत होती. उस्तिन्या म्हणाली, आंबट निघाली गं, कसली नेऊ थडग्यावर? तशी फेक्ला खेकसली.

"आंबट तर आंबट. पोरांना आंबटच आवडतं. आणि माझ्या दोघांनाही दे."

स्पासच्या पहाटे बाया नदीपलीकडच्या चर्चला गेल्या. आमचं चर्च तेव्हा धान्याचं कोठार होतं. उस्तिन्याकडे टोपलीभर रानातली सफरचंदं. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं तेव्हा पलीकडच्या बाया टोपलीकडे टकामका बघत होत्या, आणि उस्तिन्या प्रत्येकीला बजावत होती, आंबट आहेत हं, हसू नका.

परतताना सगळ्या दफनभूमीत थांबल्या. उस्तिन्याने निवडून एक फळ लुशाच्या क्रुसाखाली ठेवलं. गवतावर बसली. मग डोळे मिटून, दात शिवशिवणार म्हणून गाल आधीच आवळून, तिने स्वतःचं फळ चावलं.

रस हनुवटीवर आला.

तिने डोळे उघडले, आणखी एक घास घेतला, आणखी एक. गोड. लुशाच्या झाडाचं, तेच, तीळभर फरक नाही. "बायांनो, खा!" ती ओरडली. "गोड आहे! अगं खा, गोड आहे!" फेक्लाने खाल्लं आणि तिला रडूच फुटलं. एकीला हसू, दुसरीला रडू, सगळ्यांच्या हनुवट्या ओल्या. दफनभूमीत इतका आनंद त्याआधी कुणी केला नसेल.

त्या गलबल्यात उस्तिन्या एकदम थांबली. येलिझार खोटं बोलला होता. शिवाय तो घास त्याने थुंकला नव्हता. चावून, गिळून टाकला होता, स्पासच्या आधी. आणि येलिझारचा मुलगा प्रोन्या दोन ओळी पलीकडेच पुरलेला होता, त्याच हिवाळ्यातला, त्याच तापाचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं ते. दगड म्हणायच्या नादात सगळं गाव ते विसरलं होतं. माझ्या पोरीचा घास वाचवायला याने आपल्या पोराचा घास घालवला.

तिने टोपलीतलं सगळ्यात मोठं फळ उचललं आणि प्रोन्याच्या थडग्यावर ठेवलं. मग लुशाकडे परत आली आणि मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणाली, "लुशा, प्रोन्याला तिकडे कुणी काही दिलं नाही, तर आपल्यातलं अर्धं त्याला दे. आणि वर सांग, की आईने सांगितलंय."

दुसऱ्या दिवसापासून उस्तिन्याचा चाकू गावभर फिरायला लागला. ऑगस्ट म्हणजे कलमाचे डोळे भरायचा मोसम. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून बुडाशी खुंटाचे जंगली धुमारे फुटलेलेच होते, चार वर्षं आम्ही ते नुसते छाटत होतो. रानातून डोळे आणायचे, सालीत चीर द्यायची, डोळा बसवायचा, वर साल गुंडाळायची. घरोघर, परसापरसातून. फेक्ला मागे सालीच्या पट्ट्या घेऊन, आणि जिच्या दारात जायच्या तिथली बाई हातातलं काम टाकून बघत उभी. ज्या गावात कुऱ्हाडी वाजल्या होत्या तिथे आता बाया मोठमोठ्याने भांडत होत्या, आधी माझ्याकडे, आधी माझ्याकडे.

नव्या नियमाप्रमाणे जमीन मोजायला येलिझार आला. उस्तिन्याच्या परसात साखळी टाकली. लुशाच्या झाडाच्या बुंध्यावर सालीची पट्टी गुंडाळलेली दिसली, ती न बघितल्यासारखं करून तो माप घेत राहिला. उस्तिन्याने पायरीवर सफरचंदांची ताटली ठेवली.

"त्या दिवशी आंबट लागलं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली.

"दाढ दुखत होती," येलिझार म्हणाला. "चव कळली नाही."

ती जवळ आली. 

"येलिझार, तुझ्या प्रोन्याला पोचलंय. मी ठेवलं. उपाशी नाही राहिला तो."

त्याच्या हातातली साखळी खळकन खाली पडली. तो पायरीवर बसला, टोपी तोंडावर धरली, आणि गावाने ज्याला दगड म्हटलं होतं तो माणूस आमच्या देखत हमसाहमशी रडला. उस्तिन्या शेजारी बसून राहिली. मग तिने ताटलीतलं एक फळ पुसून त्याच्या हातात दिलं, आणि येलिझारने ते बियांसकट खाल्लं.

उठताना तिने चाकू कमरेला लावला आणि फेक्लाला हाक मारली. अजून एक परस राहिलं होतं, गावच्या टोकाचं, येलिझारचं.