पाणक्याच्या नवसाची कॉफी

अंबुबाईंनी कॉफी सोडली त्याला येत्या दिवाळीला सहा वर्षं होणार होती, आणि ती खरं तर कुणापायी सुटली हे फक्त भगवंतरावांना ठाऊक होतं. बंगळुरात माणूस एक वेळ सख्ख्या भावाला सोडेल, कॉफी सोडत नाही. भगवंतरावांच्या घरी सकाळी फिल्टरमधून डिकॉक्शन उतरू लागलं की त्या वासाने येलहंका जंक्शनात उभ्या मालगाडीचा गार्ड हिरवी झेंडी दाखवायचा विसरत असे. अशा घरात ही बाई रोज नवऱ्यापुढे वाफाळता पेला ठेवी आणि स्वतः जिऱ्याचं कोमट पाणी पिई. कुणासाठी, तर टीव्हीवरच्या एका पाणक्यासाठी.

त्याचं असं झालं. सत्त्याऐंशी साली दर रविवारी सकाळी ‘धर्मशाळा नंबर नऊ’ नावाची हिंदी सिरीयल लागायची. एका अंगणाभोवती सहा बिऱ्हाडं, त्यांत टीव्ही एकट्या गोजराबाईंकडे. शहाजीराजांच्या मागोमाग इकडे येऊन मुरलेली ही मराठी घरं. बायकांना भाजीचा भाव करण्यापुरती इकडची दखनी हिंदी यायची, पण सिरीयलमधले म्हातारे मुन्शीजी बोलत गंगेकाठची हिंदी. मग भगवंतराव टीव्हीशेजारी खुर्ची ओढून अर्थ सांगत. रेल्वेत असताना इटारसीला होतो, एवढं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तिथे सातच महिने काढले आणि त्यांतले दोन कावीळ होऊन पडून काढले, हे सांगायचं राहून गेलं होतं.

तिसऱ्याच रविवारी मुन्शीजी असे काही बोलत सुटले की भगवंतरावांना एक अक्षर कळेना. तेवढ्यात मागच्या बाजूने कुणी एक पाणक्या खांद्यावर कावड घेऊन निघून गेला.

"अण्णा, हा कोण?" गोजराबाईंनी विचारलं.

भगवंतरावांना सुटकेची वाट दिसली. "त्याचंच तर चाललंय सगळं. मौन आहे त्याचं. लेक पुरात वाहून गेली. ती दारात येऊन पाणी मागेल तेव्हाच तोंड उघडणार."

त्यानंतर मुन्शीजींची हिंदी जड झाली की पाणक्या वाढायचा. त्याच्या पोटरीला मगरीने धरलं होतं, तर ह्याने न ओरडता तिलाच कावडीला बांधून घाटावर आणलं. एकदा विहिरी आटल्या तेव्हा त्याने रातोरात निम्मी नदी वर वाहून नेली, आणि सकाळी नावाडी नाव खांद्यावर घेऊन नदी शोधत फिरत होते. बायका मुन्शीजींना विसरल्या. शेवटच्या रविवारीही पाणक्या बोलला नाही, बोलणार कुठून, तेव्हा अंबुबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. "तो बोलेपर्यंत मला कॉफी नको."

चार दिवसांत विसरेल, असं भगवंतरावांना वाटलं होतं.

आणि आता त्या सिरीयलचा पुढचा भाग म्हणून सिनेमा आला होता. अंबुबाई शनिवारी सकाळपासून रेशमी लुगडं नेसून बसल्या. "आज बोलेल हो तो." भगवंतरावांनी गुडघा पुढे केला, मग पित्त, मग बसचा संप. संप नव्हता. बसने सगळे बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या थिएटरला आले. बरोबर गोजराबाई आणि त्यांची नवी सून स्मृती. ही पुण्याची, इंदिरानगरातल्या ऑफिसात नोकरीला. "आजोबा, मी एकही एपिसोड मिस नव्हता केला," ती बसमध्ये म्हणाली आणि भगवंतरावांचा गुडघा खरोखरच दुखू लागला.

सिनेमात पहिल्या दहा मिनिटांत धर्मशाळा पाडली. तिथे मोठं हॉटेल झालं आणि नदीच्या जागी पोहायचा तलाव आला. मुन्शीजी कुणी दुसराच नट झाला होता, त्याची दाढी चिकटवलेली आणि तीही वाकडी. त्यांची विधवा बहीण, जिच्यासाठी अख्खा देश रडला होता, ती बर्फात नाचून आली. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ घोरू लागला, आणि त्याला कुणी उठवलंही नाही. पंखे फिरत होते ते केवळ सवयीने.

अंबुबाई मात्र नाचणाऱ्यांकडे बघतच नव्हत्या. "मागे बघा, मागे," त्या कुजबुजत होत्या. "तो मागूनच जातो." मागून वेटर गेले, माळी गेले. मध्यंतरानंतर त्या नवऱ्याला ओलांडून स्मृतीकडे वाकल्या. "काय गं, पाणक्याचं काही म्हणाले का?"

"कुठला पाणक्या, आजी? तसं कॅरेक्टरच नव्हतं सिरीयलमध्ये."

भगवंतरावांनी मान वळवली नाही. उरलेला सिनेमा त्यांनी परीक्षेला बसल्यासारखा पाहिला.

सुटल्यावर गोजराबाई सुनेला घेऊन बाजारात गेल्या. ही दोघं बसस्टँडजवळच्या लहानशा हॉटेलात टेकली. भगवंतरावांनी सवयीने एक कॉफी मागवली. ती आली, आणि त्यांचा हात काही पुढे होईना.

"नव्हताच तो," ते म्हणाले. "मला हिंदी येत नव्हती."

"इटारसी?"

"सात महिने. त्यात कावीळ."

अंबुबाईंनी बाहेर लागलेल्या बसकडे पाहिलं. "आणि मगर?"

"माझीच."

"सहा वर्षं माझ्यासमोर बसून कॉफी प्यालात. गोड लागायची?"

"स्वल्प कडूच लागायची."

त्या हसल्या नाहीत. "सिनेमावाल्यांना तो माहीतच नाही, ते त्याला काय बोलवणार. गप्प कुणी बसवलं त्याला?"

"मी."

"मग बोलता करा. माझा नवस आहे, तुमची मगर नव्हे." त्यांनी नवऱ्यापुढचा पेला आपल्याकडे ओढला आणि वर तळहात ठेवला.

भगवंतराव थकले होते. तीन तासांच्या त्या सिनेमाने डोक्यातलं होतं नव्हतं ते धुऊन नेलं होतं. एके काळी नुसता घसा खाकरला की गोष्ट यायची. "तर त्या रात्री नदीला असा पूर," ते म्हणाले, "की हत्ती..."

"हत्ती नको. मी दमलेय."

शेजारच्या टेबलावर मालक स्वतःच फडकं मारून गेला. मग भगवंतराव हळू आवाजात म्हणाले, "दुपार होती. धर्मशाळा पाडायला माणसं आली होती. पाणक्या पायरीवर बसला होता. एक बाई आली. केस पिकलेले. तिने पाणी मागितलं."

"ओळखली त्याने?"

"लगेच नाही. पाणी मागताना ती हात पुढे कसा करते, त्यावरून."

"मग?"

"कावड उतरवली. इतकी वर्षं गप्प, आवाज फुटेना नीट. म्हणाला, घे. दमली असशील."

अंबुबाई वाट पाहत राहिल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी हात उचलला. कॉफीवर साय धरली होती. ती बोटाने बाजूला करून त्यांनी पेला तोंडाला लावला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"चिकोरी फार आहे," त्या म्हणाल्या. मग मालकाकडे वळून कन्नडात त्यांनी आणखी एक सांगितली. त्याने दोन बोटं दाखवून विचारलं.

"एकच," अंबुबाई म्हणाल्या. "ह्यांची सहा वर्षांची पिऊन झालीय."