मास्तरांचे दोरे

निळ्या कोटाला हिरवा दोरा लागला, आणि सुईमास्तरांच्या घरातला सुखाचा जीव दुःखात पडला.

कोट एका वकीलबाईंचा होता. बाहीला सिगारेटनं भोक पडलं होतं; बाईंच्या मते नवऱ्याच्या सिगारेटनं, नवऱ्याच्या मते बाईंच्या. मास्तरांना त्यात रस नव्हता. भोक कुणी पाडलं हे विचारायचं नाही, ते कुठे होतं हे नंतर कुणाला सांगता येऊ नये, एवढाच त्यांचा धंदा. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीला टेकवलेलं टेबल, त्यावर कात्री, चिमटा, सुयांची डबी, आणि शेजारी दोऱ्यांचा तो रुंद लाकडी डबा. त्याच्या खणाखणांत एकाच निळ्याच्या इतक्या छटा होत्या, की पाहणाऱ्याला गरगरावं. जळकं, फाटकं, उंदरानं कुरतडलेलं कापड आत यायचं, मास्तर एकेक उभा-आडवा धागा पुन्हा विणायचे, आणि बाहेर जाताना मालकच बाही उलटीसुलटी करत बसायचा. "दिसलं तर ते रफू नव्हे, ठिगळ," असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. माणूस हाताचा देव आणि तोंडाचा तिखट. नाकावर माशी बसू देत नसे.

तर वकीलबाईंनी कोट दारातल्या उन्हात धरला आणि म्हणाल्या, "मास्तर, हे हिरवं आहे."

"तुमचा चष्मा बदला, बाई."

"मास्तर, इकडे या जरा."

मास्तर तावातावाने उठले, उन्हात गेले, कोट डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. विणकाम निर्दोष होतं, कारण ते बोटांचं काम होतं. पण गडद निळ्या बाहीवर हिरव्याचा एक चौकोनी ठिपका ढळढळीत बसला होता. त्यांची बायको आतल्या दारात उभी राहून सगळं बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला असं खाली मान घालून आत येताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, आणि त्यांना गेलं नाही म्हणून तिलाही.

मधुमेह काही नवा नव्हता. तो घरात जुन्या भाडेकरूसारखा राहत होता. गोळी वेळेवर मिळाली तर मिळाली, चहात साखर पडली तर पडली. डोळ्यांशी त्याचा काही संबंध असेल हे दोघांच्या ध्यानीमनी नव्हतं. बायको हात धुऊन मागे लागली म्हणून मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला सरळ. त्यांनी डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. तांबूस नारिंगी वर्तुळ, आणि त्यात जागोजागी लाल ठिपके.

"हा डोळ्याच्या मागचा पडदा. दिसतं ते याच्यामुळे. साखरेनं इथल्या बारीक रक्तवाहिन्या झिजल्यात, त्या पाझरतायत. मध्यभागी सूज आहे, डाव्या डोळ्यात जास्त. आणि ह्या बघा, नव्या वाहिन्या फुटल्यात. त्या कच्च्या असतात. कधीही फाटतील आणि डोळ्यात रक्त उतरेल."

"पण दुखत तर काहीच नाही," मास्तर म्हणाले.

"दुखत नाही, हाच तर या आजाराचा दगा आहे. रंग ओळखण्यात चूक होतेय ना? निळं-हिरवं?"

बायकोच हो म्हणाली.

बाईंनी उपाय सांगितला. सूज उतरायला डोळ्यात इंजेक्शन. कच्च्या वाहिन्या सुकाव्यात म्हणून पडद्याच्या कडेला लेसर. आणि साखर, रक्तदाब ताब्यात. त्याशिवाय बाकीचं सगळं पाण्यात.

"लेसर म्हणजे काय करता?"

"प्रकाशाचे बारीक बारीक डाग देतो, पडद्याच्या कडेला."

"म्हणजे जाळता."

खोटं बोलायचा बाईंचा स्वभाव नसावा. "एका अर्थी, हो. कडेचं थोडं जातं, मधलं वाचतं."

"आणि गेलेली नजर परत येते?"

"लेसरनं परत येत नाही. राहिलेली राखायची."

मास्तर उठलेच. रस्ताभर त्यांचं एकच पालुपद चाललं होतं. "जळलेलं भरून काढण्यात जन्म गेला माझा, आणि ही पोरगी धडधाकट पडद्याला भोकं पाडणार! वर भरूनही देणार नाही म्हणते! आणि डोळ्यात सुई? सुई मी धरतो. मला कुणी टोचायची नाही."

बायकोनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मास्तर ढिम्म. शेवटी नणंदेनं तोडगा काढला. तिच्या गुडघ्यांना होमिओपॅथीनं गुण आला होता, मग डोळ्यांना का येऊ नये? हे तर्कशास्त्र मास्तरांना एकदम पटलं, कारण त्यात सुई नव्हती आणि जाळणं नव्हतं. पांढऱ्या, साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या होत्या.

गोळ्यांचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी डोळ्यांबद्दल कमी आणि मास्तरांबद्दल जास्त विचारलं. ऊन सोसतं का, राग किती वेळ टिकतो, एकटं बसायला आवडतं की माणसांत. आपल्याबद्दल इतकं कौतुकानं मास्तरांना कुणीच विचारलं नव्हतं, ते खुलले. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सुरुवातीलाच बजावली. "मी माझं औषध देतो. त्यामुळे तुमची साखरेची गोळी बंद करायची नाही, आणि लेसरही टाळायचं नाही. दोन्ही चालू द्या."

मास्तरांनी मान हलवली. आपल्याला हवं तेवढंच त्यांनी ऐकलं होतं.

त्याच आठवड्यात बायकोनं पहिल्यांदा दोरा बदलला.

मास्तरांची कामाची एक जुनी रीत होती. जेवणाआधी, खिडकीत भरपूर उजेड असताना, ते कापडाला दोरे जुळवून बघायचे आणि निवडलेले दोरे कापडावरच ठेवून द्यायचे. मग जेवण, मग वामकुक्षी, आणि ताज्या डोळ्यांनी सुई हातात. त्या दुपारी बायको टेबल पुसायला गेली. राखाडी जाकिटावर जांभळट दोरा ठेवला होता. आत मास्तर घोरत होते. तिच्या डोळ्यांसमोर वकीलबाई आल्या, उन्हात धरलेला कोट आला, ती खाली गेलेली मान आली. तिनं डब्यातून राखाडी दोरा काढला, जाकिटावर ठेवला, आणि जांभळट त्याच्या खणात परत टाकला. एवढ्यापुरतंच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

मास्तर उठले, तोच दोरा सुईत ओवला आणि काम पुरं केलं. त्यांना फरक कळला नाही. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. दाराबाहेर कौतुक चाललं होतं तेव्हा मास्तर असे काही ताठ बसले होते की बायकोला भरून आलं. इतकं साधं होतं तर हे! एक दोरा इकडचा तिकडे केला की माणूस जागेवर येतो.

मग ते एवढ्यापुरतं राहिलं नाही. रोजच तिची नजर टेबलाकडे आणि कान आतल्या घोरण्याकडे. हळूहळू तिचाही हात बसला. माझ्या मते तिनं त्या दिवसांत जे काम केलं ते मास्तरांच्या तोडीचं होतं, आणि तेच तिचं दुर्दैव. दिसत नव्हतं ते रफू.

पुढच्या खेपेला मास्तर गोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसले ते फुशारकी मारतच. "तुमच्या हाताला यश आहे बघा! एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही. रंग असे जुळतायत, की पूर्वीही जुळत नसतील."

डॉक्टरांनी विचारलं, "पडद्याचा फोटो पुन्हा काढला का? लेसर?"

"काढू की. घाई काय आहे?"

डॉक्टर तिच्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही जवळून बघता. खरं सांगा, फरक आहे?"

बिचाऱ्याकडे डोळ्याच्या आत बघायचं यंत्र नव्हतं. त्याच्याकडे होतं ते या दोघांचं तोंड, आणि त्यातल्या एकानं मिठाची गुळणी धरली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शाळेचा निकाल हातात घेऊन उभ्या असलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा होता.

"आहे," ती म्हणाली.

या एका शब्दासाठी मी तिला माफ करू शकत नाही, आणि तिच्या जागी असतो तर दुसरं काय बोललो असतो तेही मला सांगता येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या, फोटो काढून आणा असं पुन्हा सांगितलं. घरी येताना मास्तर शीळ घालत होते.

नंतर तिच्या जिवाला घोर लागला. मास्तर पायरी चुकायला लागले. समोरच्या माणसाला आवाजावरून ओळखायला लागले. एकदा ती धीर करून म्हणाली, "अहो, एकदा त्या बाईंना दाखवून तर येऊ."

"कशाला? दोरे नीट लागतायत ना?"

त्यावर तिच्याकडे उत्तर होतं. पण ते दिलं असतं तर इतके दिवस घोरण्याचा अंदाज घेत केलेलं सगळं सांगावं लागलं असतं. तिनं पदर सावरला आणि आत निघून गेली. सांगू उद्या, असं ती रोज म्हणत राहिली.

एका सकाळी मास्तर पांढऱ्या कोटावर वाकले होते. "अगं, यावर काळा दोरा कुणी टाकला?"

ती आली. कोट स्वच्छ होता.

"हा काय इथं!" त्यांनी चिमटा घेतला, पकडायला गेले, आणि चिमट्याची टोकं रिकामीच मिटली. "पळतोय. बघ, तिकडे गेला." त्यांनी पुन्हा चिमटा मारला. मग हातानं झटकलं. मग दोन्ही हातांनी. "एक नाही, पुष्कळ आहेत. कुणी डबा सांडला का? अगं, उचल ना! उभी काय राहिलीस?"

"अहो, कापडावर काही नाही."

मास्तरांनी डावा डोळा झाकला, मग उजवा. उजव्या डोळ्यापुढे काळे दोरे एकमेकांत गुंतत गुंतत धुरासारखे पसरत गेले, आणि खिडकी दिसेनाशी झाली. त्यांनी चिमटा टेबलावर नीट जागच्या जागी ठेवला. तेवढंच त्यांना सुचलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. उजव्या डोळ्यात रक्त भरलं होतं, आणि त्यामागे त्या नव्या वाहिन्यांच्या जाळ्यांनी पडदा ओढून सुटा केला होता. "ऑपरेशन करू. पण सुई ओवण्याइतकं दिसेल असं वचन मी देणार नाही. डाव्या डोळ्याचं मधलं बरंच गेलंय, तरी उरलंय ते वाचवू. तुम्ही तेव्हाच का नाही आलात?"

"पण गुण येत होता!" मास्तर जवळजवळ ओरडले. "दोरे बरोबर लागत होते माझे! हिला विचारा. सांग की गं यांना."

तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत दिव्याच्या बटणाचा हिरवा ठिपका तेवढा चमकत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"दोरे मी बदलत होते," ती म्हणाली. "तुम्ही झोपलात की."

मास्तरांचं तोंड तिच्या आवाजाच्या दिशेला वळलं. ते चिडतील, हात उगारतील, अशी तिची कल्पना होती. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"कधीपासून?"

"त्या निळ्या कोटानंतर."

ते पुष्कळ वेळ गुडघे चोळत बसले. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "डाव्याला लेसर करा. सुईही टोचा. काय करायचं ते करा."

गोळ्यांचे डॉक्टर घरी येऊन गेले. चहा तसाच ठेवून निघाले, आणि दारात थांबून एवढंच म्हणाले, "वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला."

ऑपरेशन करूनही उजवा डोळा गेला तो गेलाच. डावा लेसरनं आणि इंजेक्शनांनी टिकला, म्हणजे दार कुठे आणि भिंत कुठे एवढं कळतं. रंगाचं नाव काढायला नको. पण बोटं शाबूत आहेत. बायको सुई ओवून देते, कापडावर हात ठेवून भोक दाखवते, आणि मास्तर पूर्वीसारखंच विणतात. वकीलबाई मुद्दाम त्यांच्याकडेच कपडे आणतात.

बोलणंही बंद नाही. जेवणात मीठ कमी झालं तर ते सांगतात. पूर्वी भांडायचे तसं भांडत मात्र नाहीत.

कालही त्यांनी ओवलेल्या सुईतला दोरा बोटांत धरला आणि विचारलं, "हा कोणता?"

"राखाडी."

"नक्की?"

"नक्की. अहो, कोट राखाडी, दोरा राखाडी."

मास्तर उठले. भिंतीला हात लावत लावत पुढच्या दाराशी गेले, कडी काढली, आणि पाठीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन निघालेल्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. "अरे बाबा, जरा बघ. हा दोरा कोणत्या रंगाचा आहे?"

"राखाडी आहे, मास्तर."

मास्तर परत आले, खुर्ची चाचपून बसले आणि कामाला लागले. ती समोरच होती. दार त्यांनी लावलं नव्हतं, कारण कोटाला अस्तर होतं, आणि अस्तराचा दोरा अजून विचारायचा होता.