धुईतल्या दोन हाका

“रविनेऽऽ… ए रविनेऽऽ!”

हाक सोळा वर्षांपूर्वीची, पण अजून थकली नव्हती. पलीकडच्या उतारावरून निघायची, दरीत उतरायची, ओढ्याच्या पाण्यात पाय भिजवून पुन्हा चढायची आणि रविनाच्या डाव्या कानाशी येऊन थांबायची. आधी एक. मग जरा दम घेऊन दुसरी. आणि मग काहीच नाही.

सातपुड्यातल्या त्यांच्या उंबरपाड्यावर घराला लागून घर नाही. एक घर या टेकडीवर, दुसरं समोरच्या. मीठ मागायचं तरी हाक मारायची, मयत सांगायचं तरी हाकच. पण भादव्यात धुई उतरली, दरी दुधानं भरल्यासारखी पांढरी झाली, की पाड्यावरची प्रत्येक आई पोरांना बजावायची: धुईत पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणूस नसतं त्याला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही. तिसरी आली, की समजायचं आपलं माणूस आहे. मग धावायचं.

अकरा वर्षांची रविना त्या दुपारी मोहाच्या झाडाखाली शेळ्या घेऊन उभी होती. धुई इतकी, की शेळीचं तोंड दिसावं आणि शेपूट दिसू नये. तेव्हा समोरच्या उतारावरून तिच्या नावाची हाक आली. रविनानं अंगठा दुमडला. दुसरी आली, तिनं पहिलं बोट दुमडलं. मधलं बोट ताठ धरून ती उभी राहिली. किती वेळ, ते तिला आजही सांगता येत नाही. ते बोट दुमडायची वेळ आलीच नाही.

समोरच्या घरात सोनी होती. रूपीबाईची थोरली लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. दिवस भरायला तीन आठवडे होते, म्हणून रूपीबाई निर्धास्तपणे बाजाराला गेलेली. ती परतली तेव्हा सोनी दारात आडवी होती आणि उंबरा लाल झाला होता. मग हाका सुटल्या टेकडीवरून टेकडीवर, चार माणसं आली, गोधडीची झोळी बांबूला बांधली. पण गाडीरस्ता लागायच्या आतच झोळी जड झाली. वाहणाऱ्यांनी नुसता खांदा बदलला.

तिसऱ्या दिवशी रूपीबाई स्वतः दरी ओलांडून आली आणि रविनापुढे बसली.

“पोरी, तू समोरच होतीस. माझ्या सोनीनं हाक मारली होती का गं?”

रविनानं मान हलवली. नाही.

तेवढंच. एका मानेचं हलणं. त्याला आता सोळा वर्षं झाली होती.

*

पुढं नशिबानं काय करावं, तर रविनाला त्याच घरात सून म्हणून नेलं. रूपीबाईचा धाकटा मुलगा गोकुळ आश्रमशाळेत तिच्या पुढं दोन वर्षं होता; दोघांचं जमलं. त्या उंबऱ्यावरून रविना आत आली तेव्हा तिनं पाऊल इतकं उंच उचललं, की बायका हसल्या. “नवरी आहे का शेळी?”

घरात सासूला ती याहा म्हणे, म्हणजे आई. आणि याहानं तिला खरंच लेकीसारखं ठेवलं. ऊसतोडीला गोकुळ गुजरातेत गेला, की दोघी मिळून रान सांभाळत. रिना झाली, चार वर्षांनी हेमराज झाला. हेमराज दोन वर्षांचा झाला तेव्हा रूपीबाईनंच विषय काढला.

“तू बारावी शिकलेली. नर्सच्या शाळेत जा.”

“पोरं?”

“पोरांना मी आहे. माझे हात काय बाजारात विकले? आपल्या पाड्याची सिस्टर आपल्याच घरातली पाहिजे. दुसऱ्या कुणाची लेक मुकी मरायला नको.”

मुकी. हा शब्द रूपीबाईच्या जिभेवर कायमचा बसला होता. लेक गेली याचं दुःख तर होतंच. पण ती न बोलता गेली, आईच्या पाड्यावर असून कुणाला हाकसुद्धा मारली नाही, याचा तिला राग होता. मेलेल्या लेकीवर ती सोळा वर्षं रुसून बसली होती. मका सोलताना, शेण सारवताना गुणगुणायची:

दरीला मारते हाक, दरी ओ देते गं,
माझी सोनी न बोलता कुठं जाते गं…
मोराला फुटे कंठ मेघ पाहून गं,
माझी लेक गेली ओठ दातात धरून गं…

ते कानावर आलं, की रविना हंडा उचलून पाण्याला निघून जायची. हंडा भरलेला असला तरी.

*

नंदुरबारच्या नर्सिंग शाळेत वर्ष बरं गेलं. पहाटे उठायची, वसतिगृहाच्या नळावर गणवेश धुवायची, वेणीचा अंबाडा जाळीत कोंबायची. हेमराज अंगावर पीत होता, ते तोडून आली होती. पहिले पंधरा दिवस गणवेशाच्या आत सुती फडकं घडी करून ठेवावं लागलं. वर्गात कुठं बाळ रडलं तर ते फडकं भिजायचं. पाड्यावर फोनला रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली. रविवारी रूपीबाई दोन्ही पोरांना घेऊन तिथं यायची. पहिल्यांदा व्हिडिओवर गणवेश पाहिला तेव्हा म्हणाली, “बगळ्यासारखी दिसतेस. पण बगळा निदान मासा तरी पकडतो, तू काय पकडतेस?”

“नाडी पकडते, याहा.”

“आधी पोट धर, वाळलीस किती.”

रिना मध्येच तोंड घालायची. “आई, तिथं तुला सगळे सिस्टर म्हणतात? म्हाताऱ्यासुद्धा? मग तू सगळ्यांची बहीण, आणि आमची कोण?”

रविना हसायची. पण फोनमध्ये पोरांच्या मागं तोच मोह दिसायचा आणि त्यामागची दरी. मग तीच घाईनं म्हणायची, “ठेवते आता.”

दुसऱ्या वर्षी प्रसूती वॉर्डात ड्यूटी लागली आणि तिथं ते उघडं पडलं. वॉर्डात खाटांच्या मध्ये पांढरे पडदे. पडद्यामागून हाक यायची, “सिस्टर!” आणि रविनाचे पाय जमिनीत रुजायचे. “सिस्टर, ओ सिस्टर!” तरी नाही. तिसरी आली की ती अशी धावायची, की ट्रेमधल्या कात्र्या वाजायच्या. सोबतच्या मुली चिडवायच्या, “रविनाताईला देवासारखं तीनदा आळवावं लागतं.” तीही हसण्यावारी न्यायची. आपला अंगठा दुमडतो, मग बोट दुमडतं, हे तिला कळायचंसुद्धा नाही.

मग त्या दिवशी म्हसावदची कमलीबाई बाळंत झाली. सगळं सुरळीत. वार पडली, बाळ रडलं, रविनानं तिला खाटेवर आणून पडदा ओढला आणि केसपेपर भरायला टेबलापाशी उभी राहिली.

“सिस्टर…”

पेन थांबलं.

“सिस्टर…”

अगदी बारीक आवाज. दुसऱ्या हाकेच्या शेवटी दम तुटलेला. रविना पडद्याकडं बघत राहिली. पडदा पांढरा होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं हळूहळू हलत होता, दरीतून धुई चढावी तसा. तिसरी आली नाही.

शिकवणाऱ्या योगिता मॅडम सहज फेरीवर आल्या, पडदा सारला आणि ओरडल्या. चादर लाल झाली होती, कमलीबाईचे डोळे वर गेले होते. मग धावपळ झाली; मॅडमनी पोटावर हात दाबून गर्भाशय चोळलं, इंजेक्शनं दिली, रक्ताची पिशवी चढली. अर्ध्या तासानं कमलीबाईनं पाणी मागितलं. वाचली.

योगिता मॅडम शहाद्याकडच्या. वर्गात शुद्ध मराठी बोलायच्या, पण रागावल्या की अहिराणी फुटायची. रविनाला त्यांनी जिन्याखाली नेलं.

“काय करी ऱ्हायनी व्हतीस तू तठे? तुले कान शेतस का नही?”

“ऐकू आलं होतं, मॅडम.”

‘ऐकू आलं नाही’ असं ती म्हणेल, अशी मॅडमची तयारी होती. आवाज खाली आला.

“ऐकू आलं, आणि उभी राहिलीस?”

रविनाच्या ओठांवर सगळं आलं होतं. धुई, मोह, ताठ धरलेलं बोट. पण जे त्या घरात सांगितलं नाही, ते जिन्याखाली कसं सांगायचं?

“हे बघ,” मॅडम म्हणाल्या. “तुझे हात चांगले आहेत. दोन पोरं घरी ठेवून आलीयेस, मला ठाऊक आहे. पण बाळंतीण तीनदा हाक मारू शकत नाही गं. तेवढं बळच नसतं तिला. चार दिवस घरी जा. पहिल्या हाकेला धावणारी होऊन येणार असशील तर ये. नाहीतर ट्रंक न्यायला ये.”

*

अक्कलकुव्यापर्यंत एसटी, तिथून जीप, मग दीड तास पायवाट. सबंध वाटेनं रविना एकच गाठ सोडवत आली. याहाला सांगितलं नाही, तर ती हाक कानातून निघणार नाही आणि नर्स होणं संपलं. सांगितलं, तर ज्या हातांवर दोन पोरं टाकून ती शिकत होती तेच हात याहा काढून घेईल. घ्यावेतच तिनं. तरीही नर्स होणं संपलं. दोन्हीकडून तेच. फरक एवढाच, की एका वाटेवर याहा तिचं तोंडही बघणार नव्हती.

मोहाच्या झाडाच्या अलीकडं तिला धुईनं गाठलं. दुपारच होती, पण सूर्य कुठं आहे ते कळेना. कुठंतरी शेळीच्या गळ्यातली लोखंडी घंटा वाजली. आपलीच शेळी. म्हणजे रिना इथंच असणार. सात वर्षांची पोर, सहा महिने आईनं कुशीत घेतलेली नाही.

“रिनाऽऽ!”

काही नाही.

“ए रिनाऽऽ!”

शेळीची घंटा वाजली. पोर बोलली नाही. रविना धावतच पुढं गेली आणि थबकली. दहा पावलांवर, मोहाच्या बुंध्याला पाठ लावून रिना उभी होती. डोळे घट्ट मिटलेले. उजवा हात छातीशी, अंगठा दुमडलेला, पहिलं बोट दुमडलेलं, मधलं बोट ताठ.

रविनाला वाटलं, आपण आपल्यालाच बघतोय.

“रिना… अगं, मी आहे.”

पोरीनं डोळे उघडले, बघितलं आणि अंगावर झेपावली. मग पोटात तोंड खुपसून फुरंगटून म्हणाली, “तिसरी का नाही मारलीस? मी किती घाबरले!”

*

रूपीबाई ओसरीवर मका सोलत बसली होती. हेमराज कणसांच्या ढिगात. त्यानं आईला ओळखलं आणि तरी आजीच्या पदरामागं लपला. रूपीबाई हसली. “रुसलाय तो. संध्याकाळपर्यंत भाव खाईल, मग गळ्यात पडेल. बस. पाणी पी. अशी अचानक कशी आलीस?”

रविना उंबऱ्याच्या बाहेरच बसली.

“याहा, रिनाला ते मोजायला कुणी शिकवलं?”

“मीच. शहाणी आहे, एकदा सांगितलं की धरते.”

“तिला ते नको शिकवू.”

“का? तुझ्या शाळेत धुई उतरत नाही म्हणून?” रूपीबाईनं कणसाची साल ओढली. “आम्ही सगळे मोजूनच वाढलो, बये. मोजण्यानं कुणी मरत नाही. न बोलण्यानं मरतं. ती माझी बघ ना, तीन कुठल्या, एकसुद्धा मारली नाही. मारली असती तर तू समोरच होतीस. तू धावली असतीस.”

कणसाचे दाणे सुपात पडत राहिले. रविनानं रूपीबाईच्या हातांकडं पाहिलं. याच हातांनी हेमराजला दूध तुटलं तेव्हा भगरीची पेज भरवली होती. याच हातांनी रविनाची ट्रंक पायवाटेनं रस्त्यापर्यंत डोक्यावर वाहिली होती. आणि हेच हात सोळा वर्षं, रोज, एका मेलेल्या पोरीला दूर लोटत होते.

तेवढ्यात घरामागच्या धुईतून रिनानं हाक दिली, “आईऽ!”

“ओ!” रविना म्हणाली.

पहिल्याच हाकेला. तिचं तिलाच कळलं नाही, कसं ते. अंगठासुद्धा हलला नव्हता. घरामागून शेळी हाकलल्याचा आवाज आला. आई खरंच आलीय ना, एवढंच पोरीला बघायचं होतं.

रूपीबाईचे हात थांबले. तिनं मान वर केली. “धुईत? पहिल्याच हाकेला ओ दिलीस?”

रविना उठली. उंबऱ्याच्या लाकडाला तिनं हात लावला, मग त्यावरच बसली. आजवर त्यावर तिनं कधी पाऊलही टेकवलं नव्हतं. सासूच्या हातातलं कणीस तिनं काढून घेतलं आणि खाली ठेवलं.

“याहा, रुसू नकोस तिच्यावर. सोनी मुकी गेली नाही. तिनं मला हाक मारली होती, माझं नाव घेऊन, दोनदा. मी मोहाखाली बोट ताठ धरून तिसरीची वाट बघत उभी होते.”