वर्गात मराठी बंद

राजारामपुरीतल्या माझ्या जपानीच्या वर्गात एकच कडक नियम आहे. दार लागलं की मराठी बंद. जो चुकेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. बारा विद्यार्थी होते. त्यांतले अकरा जपानला नोकरीसाठी जाणारे आणि एक माझे वडील.

अप्पा शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्तीनंतर दोन वर्षं घरी बसून कंटाळले आणि एका सोमवारी वही घेऊन शेवटच्या बाकावर येऊन बसले. मुलं त्यांना अप्पासान म्हणायची.

"अप्पासान, तिकडं जाऊन काय म्हशी राखणार व्हय?" मुरगूडचा उदयसिंह विचारायचा. त्याला तिथल्या फौंड्रीत काम मिळणार होतं.

"राखतो की. तुझ्याआधी व्हिसा येतोय बघ मला."

जुलैत अप्पांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना वजन करायला बाहेर पाठवलं आणि माझ्या आईला, माईला, आणि मला आत घेतलं. स्वादुपिंडाचा कर्करोग, बराच पसरलेला. दिवाळी बघतील, त्यापुढचं सांगता येत नाही, असं ते म्हणाले. माईनं जिन्यातच माझा हात धरला. "त्यांना कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला." अप्पांना अल्सर सांगितला. ते म्हणाले, "तरी म्हटलं, मिसळ भोवली."

डिसेंबरमध्ये पुण्याला जपानीची परीक्षा असते. तिचा फॉर्म ऑगस्टअखेर भरायचा होता. अप्पांनी रोज आठवण करून दिली आणि मी भरला. त्यांचा फोटोही मीच चढवला.

शनिवारी मी भाषा बाजूला ठेवून जपानी समाजाबद्दल बोलते. फॉर्म भरला त्या शनिवारचा विषय जूनमध्येच ठरला होता: दवाखाना आणि कुटुंब. मला तो गाळता आला असता. गाळला नाही. मी सांगितलं की एका पिढीपूर्वीपर्यंत तिथले डॉक्टर असा आजार पेशंटला सांगत नसत, घरच्यांना सांगत. घरचे गप्प राहत. आता बदललंय.

"म्हणजे आपल्यागतच की," उदयसिंह मराठीत बोलून गेला. सगळे हसले. चहाचा खर्च त्याच्यावर पडला.

अप्पांनी हात वर केला आणि मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं, "आणि पेशंटला कधी कळायचं?"

"ते माणसामाणसावर असतं," मी म्हणाले आणि फळा पुसायला घेतला.

सोमवारी दवाखान्याचा संवाद होता. असे संवाद आम्ही नाटकासारखे करतो. दोन खुर्च्या समोरासमोर, एकजण डॉक्टर, एकजण पेशंट. एरवी दोन्ही कामं मुलंच करतात. त्या दिवशी अप्पा उठून पेशंटच्या खुर्चीत बसले आणि समोरच्या खुर्चीकडे बोट करून मला म्हणाले, "तुम्ही बसा."

पुस्तकातल्या पहिल्या पाच ओळी त्यांनी बिनचूक म्हटल्या. कधीपासून दुखतंय, कुठं दुखतंय. मग त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"हा अल्सर नाही," ते जपानीत म्हणाले. एकेक शब्द जुळवत, जसे ते नेहमी बोलायचे. "होय ना?"

ही ओळ पुस्तकात नाही हे मुलांना समजलं असावं, पण अप्पा नाटक रंगवतायत असंच त्यांना वाटलं. माझ्यासमोर पुस्तकातलं उत्तर उघडं होतं: काळजी करू नका, तीन दिवस विश्रांती घ्या. मी ते म्हणायला तोंड उघडलं. अप्पा माझ्याकडे बघत होते. लहानपणी गणित चुकलं की असेच बघायचे, रागावून नाही, वाट बघत.

"नाही," मी म्हणाले. "अल्सर नाही."

"किती वेळ आहे?"

"शरद ऋतू संपेपर्यंत. कदाचित."

ते उठले. मी शिकवलं होतं तसं हात मांड्यांवरून खाली नेत कमरेत वाकले. "समजलं. आभारी आहे."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. "एक नंबर, अप्पासान! नाटकात जावा तुम्ही," उदयसिंह ओरडला.

"चहा तुझ्याकडं," अप्पा जपानीत म्हणाले.

घरी जाताना टाकाळ्याच्या चढावर त्यांनी स्कूटर थांबवायला सांगितली. उतरून ते कठड्याला टेकले. त्यांना धाप लागली होती.

"माईला माहिती हाय?"

"तिनंच शपथ घातलीय."

"वाटलंच मला. महिना झाला, माझ्याशी एकदा भांडली न्हाय ती." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मला कळलंय हे तिला सांगायचं न्हाय."

"अप्पा, आता कशाला…"

"ती देवघरात रडून, तोंड धुऊन बाहेर येती आणि मला विचारती, चहा ठेवू का? हे तिनं एकटीनं जमवलंय, मैथिली. ते मोडायचं न्हाय. शब्द दे."

मी शब्द दिला. माईची शपथ मोडून तासही झाला नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना माई म्हणाली, "डिसेंबरात पुण्याला थंडी असते. यांचा स्वेटर उन्हात घालायला हवा." "घाल की," अप्पा म्हणाले आणि भात मागून घेतला. मी खाली ताटाकडे बघत जेवले.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात अप्पा गेले.

आता संध्याकाळी दिवा लावून झाला की माई माझ्याजवळ येऊन बसते. "त्यांना कळलं नव्हतं ना गं?"

"नाही."

पहिल्या दिवशी एवढ्यावर ती उठून गेली होती. काल बसून राहिली. आज तिनं दिव्याकडे बघत विचारलं, "मग त्यांनी मला एकदाही कसं विचारलं नाही, की मी कधी बरा होणार म्हणून?"

मी दिव्याची वात सारखी करायला घेतली. मग तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.