राखीव चौकोन

आमच्या बाबांचा हसतानाचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की ते चौकीत हजेरी द्यायला आल्यासारखे ताठ व्हायचे. म्हणून आमच्या व्हिडिओ गेममध्ये पूल राखणारा जो पूलवाला होता, त्याला मी त्यांचा चेहरा दिला. हसू फुटायच्या आधी त्यांची डावी भुवई वर जायची. तेवढी एक पकडायला मी कागदामागून कागद फाडले. जमली तेव्हा आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. "आता बोलतील बघ," म्हणाली. मी शब्द दिला, की टीव्हीवर हलतानाही बघशील.

चित्रं माझी, प्रोग्रामिंग दादाचं. एकाच कंपनीत आम्ही भाऊ-बहीण शेजारी बसायचो. ज्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, गेम चालणार तो तेव्हाच म्हातारा झालेला. त्याची टेक्सचर मेमरी, म्हणजे चित्रं ठेवायची जागा, एवढीशी. त्यातलीही निम्मी पडदाच खाऊन टाकायचा. दादाच्या मशीनवर ती जागा एका मोठ्या चित्रासारखी दिसे. माझ्या भिंती, झाडं, पाणी, माणसं, सगळी फरशीसारखी खेटून बसवलेली. आणि कोपऱ्यात एक कोरा गुलाबी चौकोन.

"तो सिस्टिमचा आहे," दादानं सुरुवातीलाच बजावलं होतं. "त्याला हात लावायचा नाही."

नाही लावला. एकाच झाडाची पानं सगळ्या जंगलाला पुरवली, एकच भिंत उलटीसुलटी करून अख्खं गाव बांधलं. तरीही एके दिवशी दादा म्हणाला, "पूलवाला कमी करावा लागेल. सोळा रंग आणि पाव आकार."

"दादा, बाबा आहेत ते."

"माझे कोणी नव्हते का? पण जागाच नाही गं."

त्याचा आवाज जड झाला होता. मलाच त्याची दया आली. मी माझ्या हातानं बाबांना लहान केलं. आधी भुवई गेली, मग हसू. उरला तो मिशीवाला बटाटा.

गेमची तबकडी छापायला जायच्या आठवड्यात मालकांच्या डोक्यात आलं, की खेळ चालू असताना कोपऱ्यात कंपनीचा शिक्का फिरत राहिला पाहिजे. मोठा आणि रंगीत. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं! आता दादा हात वर करणार, असं मला वाटलं. तो फक्त "बघतो" म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शिक्का फिरायला लागला. मालकांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, मूर्खासारख्या.

दादानं कुठूनतरी जागा काढली, तर बाबांसाठीही चिमूटभर निघेल, या आशेनं मी त्याच्या मशीनकडे धावले. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त गुलाबी चौकोनात शिक्का बसला होता.

"हा सिस्टिमचा होता ना?"

दादानं दार बंद आहे का ते आधी पाहिलं. "प्रत्येक प्रोग्रामर एवढं राखून ठेवतो. मालक शेवटी काहीतरी मागतातच. तुला सांगितलं असतं तर तू भरून टाकलं असतंस."

"हो, बाबांना बसवलं असतं!"

"पूलवाला दिसतो दोन मिनिटं. शिक्का कायम दिसणार."

शिक्क्याच्या बाजूला अजून गुलाबी उरलं होतं. मी बोट ठेवलं. "एवढ्यात मावतात ते. मूळचे, जसेच्या तसे."

"चाचण्या झाल्यात. आता काहीही बदलायचं नाही," तो म्हणाला आणि त्यानं मशीन बंद केलं. परक्यानं फसवलं असतं तर भांडले असते. इथे सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता, तोही रडवेला आवाज काढून.

तबकडी छापून आली तेव्हा दादानंच ती घरी आणली. आई चष्मा पुसून टीव्हीपुढे बसली. पूल आला. पूलवाला आला, तोंड उघडून मिटून काहीतरी बोलला आणि निघून गेला. कोपऱ्यात शिक्का झळझळत फिरत होता.

"ते कधी येणार?" आईनं विचारलं.

मी दादाकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी खरं बोल.

"येऊन गेले, आई," तो म्हणाला. "काय करणार, जागाच नव्हती."

आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "असू दे रे. तू तरी कुठून आणणार होतास?"

दादानं मान खाली घातली आणि तो हात तसाच डोक्यावर राहू दिला.