मोजलेली हवा

सपाटीवर गाडी गुणाची, पण चढ लागला की काळा धूर ओकायची आणि जागीच दम टाकायची. दीड महिना मी तिच्यापुढे डोकं फोडत होतो. गिऱ्हाइकाची असती तर कधीच हात झटकले असते. पण गाडी माझ्या ताईची. ताई सुईण, आणि तिच्या वाट्याला डोंगरावरची वस्ती. गेल्या खेपेला गाडी चढावर रडली, ताई पोचेपर्यंत बाळ जन्मलं होतं आणि आईचं रक्त थांबत नव्हतं. वाचली बिचारी. वरच्या साहेबांकडून ताईला तंबी मिळाली: पुन्हा उशीर झाला तर वस्ती दुसरीला देऊ.

आणि आज सकाळी वस्तीवरून फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या.

"मीही येतो," म्हणालो आणि गाडीच्या कंप्युटरचे आकडे दाखवणारा स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसलो.

"काय दिसतं रे त्यात?" गाडी चालवता चालवता ताईने विचारलं. तिला लहानपणापासून सगळं जाणून घ्यायची भारी हौस.

"दोन आकडे. फिल्टरपाशी एक सेन्सर आत शिरणारी हवा मोजतो. पुढे टर्बो ती हवा दाबून कोंबतो, आणि इंजिनाच्या तोंडाशी दुसरा सेन्सर दाब मोजतो. कंप्युटर पहिल्याच्या शब्दावर पेट्रोल सोडतो. तो पहिलाच खोटारडा आहे. दोनदा बदलला मेल्याला!"

चढ लागला. हवेचा आकडा भराभर वाढला, दाबाचा मात्र ढिम्म हलेना. मागे काळा धूर.

"दोनदा नवा बसवलास, आणि दोन्ही खोटं बोलतात?" ताई म्हणाली. "खरंच बोलत असतील तर? हवा आत आली, मग गेली कुठे?"

मी पुन्हा आकड्यांकडे पाहिलं.

"माझ्या बीपीच्या पट्ट्याला चीर पडली होती ना, तेव्हा नुसता बघून कळत नव्हतं. फुगवला की मगच फुसफुसायचा."

अरे देवा! दारात मोजलेली हवा वाटेतच पळत होती, आणि कंप्युटर नसलेल्या हवेसाठी पेट्रोल ओतत होता.

"थांबव गाडी!"

बॉनेट उघडलं. टर्बोकडून येणारा रबरी पाइप क्लिपमधून अर्धा सरकला होता. बोट लावलं तर आत तेल. माझंच. पाइप सहज चढावा म्हणून बोटभर तेल लावायचं, ही माझ्या उस्तादाची सवय, तीच माझी. जुन्या गाड्यांत चालून जायचं. इथे दाब वाढला की तेलावरून पाइप घसरायचा, आणि गॅरेजमध्ये दाब नसला की जागेवरच दिसायचा. दोन महिन्यांपूर्वी टर्बो साफ करून तो पाइप मीच चढवला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, सेन्सरचा दोष नाही. हे माझ्या हातून झालंय. त्या बाईचं रक्त गेलं ते माझ्यामुळे."

ताईने पिशवीतून स्पिरिट आणि कापूस काढून माझ्या हातात दिला. "आधी पूस. रडायचं ते वर जाऊन रड."

तेलाचा थेंब राहू दिला नाही. पाइप कोरडा चढवला, क्लिप आवळली. गाडी सुरू केली तसे दोन्ही आकडे जोडीने वर चढले, आणि त्यांच्यामागून आम्हीही.

दारात गरोदर बाईची सासू उभी होती. ताईला बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"आज वेळेवर आलात हो, बाई," ती म्हणाली.

ताई लगबगीने आत गेली. मी तेलकट हात पाठीमागे लपवून अंगणातच उभा राहिलो.