पाच नंबरचा पोर्ट

मिस्त्रींना त्या इमारतीत सगळे मिस्त्रीच म्हणत. जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्त झाले, स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव काही सुटलं नाही. बायको 'अहो' म्हणे, मुलगी 'बाबा'. धाकटा मुलगाही बाबाच म्हणायचा. तो गेल्या हिवाळ्यात मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकखाली सापडला आणि गेला. तेव्हापासून मिस्त्री त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. रडलेही नव्हते. भेटायला येणाऱ्यांना वाटे, माणूस मोठा घट्ट आहे. घट्ट कसला! आत काही हलतच नव्हतं. ताट पुढे आलं की जेवत, नळ गळला की वायसर बदलत, आणि पाठ टेकली की झोप लागे. त्या झोपेची त्यांना फार लाज वाटे.

धाकट्याच्या खोलीत टेबलावर एक अर्धवट कॉम्प्युटर उभा होता. एकेक वस्तू जमवून तो घरीच जोडायचा, असा त्याचा बेत. पेटीत बोर्ड बसला होता, पंखा बसला होता, वायरी पट्ट्यांनी नीट आवळलेल्या होत्या. राहिले होते फक्त ड्राइव्ह. ते पुढच्या पगारात घेईन म्हणाला होता.

एके सकाळी चहा पिता पिता बायको म्हणाली, "अहो, तो कॉम्प्युटर पुरा करा."

"कशाला?"

"ताईच्या लग्नाची डिस्क बघायची आहे. त्यात तो आहे."

फोटो घरात ढीगभर होते, पण फोटो बोलत नाही. मोबाइलमध्ये व्हिडिओ होते ते धाकट्याने काढलेले, म्हणजे त्यात बाकी सगळे होते आणि तो नव्हता. चालताबोलता असा तो फक्त बहिणीच्या लग्नाच्या डिस्कवर सापडला असता. ती आणली तेव्हा सगळ्यांनी मिळून एकदाच पाहिली होती, तीही गप्पांच्या गलक्यात. पुढे डिस्क लावायचं यंत्र भंगारात गेलं. ताईच्या लॅपटॉपला डिस्कची फट नव्हती. शेजाऱ्याने सांगितलं, बाहेरून पेनड्राइव्हवर उतरवून आणतो. पण एकुलती एक डिस्क घराबाहेर द्यायला बायको तयार नव्हती.

"मला त्याचा आवाज ऐकायचाय," ती म्हणाली. "विसरायला लागलेय मी."

मिस्त्री 'बरं' म्हणाले. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि कारण सांगायचं तर त्याच्याबद्दल बोलावं लागलं असतं.

दोघं मिळून दुकानात गेली. दुकानदार बोलका निघाला. च्युइंगमच्या पुडीएवढी पातळ पट्टी दाखवत म्हणाला, ही बोर्डावरच बसते, सिस्टीम हिच्यावर टाका. बाकीच्या साठवणीला ही मोठी हार्ड डिस्क. डिस्क वाचणारा ड्राइव्ह मागितल्यावर मात्र हसला. "काका, हे आता आमच्याकडे आजोबांसारखं पडून असतं," म्हणत त्याने गल्ल्याखालून धुळीने भरलेलं खोकं काढलं. बोर्डाचा नंबर पाहून वर एक ताकीदही दिली. "या बोर्डावर पट्टी बसवली की पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद पडतात. वायर तिथे लावू नका. लोक लावतात आणि ड्राइव्ह खराब म्हणून मला शिव्या घालतात."

मिस्त्रींनी मान हलवली. बायको शेजारी खोक्यावरची धूळ पदराने पुसत उभी होती.

दुपारी काम सुरू झालं. फोनवरून ताई सूचना देत होती, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकत होती. मिस्त्रींना त्याची गरज नव्हती. यंत्र ते यंत्र. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवली, दाबून आडवी केली, वर तिळाएवढा स्क्रू फिरवला. हार्ड डिस्क रबराचे वायसर घालून कप्प्यात बसवली. समोरचं झाकण काढून डिस्कचा ड्राइव्ह आत ढकलला. दोघांना दोन दोन वायरी, एक वीज नेणारी आणि एक माहिती नेणारी. हार्ड डिस्कची वायर त्यांनी एक नंबरला लावली.

दुसरी वायर हातात होती. दोन, तीन आणि चार नंबरचे पोर्ट मोकळे होते. मिस्त्रींनी ती पाचला लावली.

चुकून नव्हे. उभ्या हयातीत त्यांनी चुकीच्या जागी वायर लावली नव्हती. लावली असती, तर कुणीतरी मजल्यांच्या मध्ये अडकलं असतं. हात पाचकडे गेला आणि त्यांनी तो जाऊ दिला, इतकंच. डिस्क लागली असती तर तो चालत आला असता. आणि तो चालत आल्यावर आत जे गोठून बसलं होतं त्याचं काय होईल, याची त्यांना भीती वाटत होती.

सिस्टीम पट्टीवर चढली. नवी हार्ड डिस्क आधी दिसेना. कोऱ्या डिस्कची कॉम्प्युटरला ओळख करून द्यावी लागते, असं ताईने सांगितलं, तेव्हा ती दिसली. पडद्याने विचारलं, हिला नाव काय देऊ? मिस्त्रींनी चौकट रिकामीच ठेवली.

मग बायकोने डिस्क आणली. मऊ फडक्याने पुसलेली. बटण दाबल्यावर ड्राइव्हचा ट्रे बाहेर आला, कारण वीज होतीच. डिस्क आत गेली, दिवा लुकलुकला, घरघर झाली. पडद्यावर काहीच आलं नाही.

"दिसत नाही," मिस्त्री म्हणाले. "ड्राइव्ह खराब असणार. जुनाच माल तो."

"असेल," बायको म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

नंतरचे काही दिवस चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसे गेले. ती खोलीत डोकावली की मिस्त्री उगाच पेटी उघडत, वायरी दाबून बघत, बॅटरीचा झोत टाकत. पाचकडे तेवढा कानाडोळा. ती कधी चहा आणून ठेवी, कधी नुसती दारात उभी राही. एका शब्दाने काही विचारत नसे. ताकास तूर लागू देत नाही आपण, असं मिस्त्रींना वाटत होतं. रविवारी ते स्वतःहूनच म्हणाले, "ड्राइव्ह दुकानात परत देऊन येतो."

"परत कशाला? चांगला आहे तो."

"चालत नाही ना."

बायको स्टुलावर बसली. "पाचला लावलाय तुम्ही. दुकानदार सांगत होता तेव्हा मी तिथेच उभी होते."

बाहेर जिन्यावर कुणीतरी सायकल उतरवत होतं, ती प्रत्येक पायरीवर आपटत होती. मिस्त्रींची नजर पेटीकडे गेली.

"मग बोलली का नाहीस?"

"बरं वाटलं," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, दिसत नाही, तेव्हा मला हायसंच वाटलं. हट्टाने बघायची म्हणाले, आणि वेळ आल्यावर मीच घाबरले. रोज ठरवत होते, आज सांगेन." ती उठली आणि पेटीचं झाकण तिनेच सरकवलं. "आज लावा."

मिस्त्रींनी कॉम्प्युटर बंद केला, पाचची वायर काढली आणि दोनला लावली.

डिस्क लागली. हॉल आला, खुर्च्या आल्या, न ओळखता येणारी पाहुणे मंडळी आली. सगळ्यावर एक गाणं वाजत होतं. फार वेळाने बायकोने त्यांचा दंड पकडला. धाकटा. बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, गर्दीतून वाट काढत येत होता. कॅमेऱ्यासमोर आल्यावर थांबला, काहीतरी बोलला, हसला आणि बाटलीनेच बाजूला खूण केली. कॅमेरा वळला. तिकडे मिस्त्री उभे होते, नवा शर्ट घालून, तोंडभर हसत. मिस्त्रींना तो माणूस क्षणभर ओळखूच आला नाही.

"काय म्हणाला?" बायको म्हणाली. "मागे घ्या."

त्यांनी मागे घेतलं. ओठ हलले. गाणं वाजत राहिलं. कॅमेरावाल्याने आवाज पुसून वर गाणं चढवलं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बायकोने स्पीकर वाढवला, तर गाणंच मोठं झालं. तिने पुन्हा मागे घ्यायला लावलं, पुन्हा, आणि मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली.

"आवाजच नाही," ती म्हणाली. "इतकं सगळं केलं, आणि आवाजच नाही."

पडद्यावर धाकटा तोंड उघडून थांबलेला होता. मिस्त्री त्याच्याकडे बघत होते. त्या दिवशी ते तिथेच होते, हाताच्या अंतरावर. घरातल्या दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं, त्यांनी ऐकलं होतं. आणि आता छातीत, इतके महिने जिथे काहीच नव्हतं तिथे, दुखायला लागलं होतं.

"म्हणाला," त्यांनी सुरुवात केली आणि ते थांबले. बायकोने मान वळवली.

"म्हणाला, 'माझं काय घेताय, आमच्या बाबांचं घ्या. एरवी कधी हसत नाहीत ते. आज हसतायत. पुरावा राहू दे.'"

शेवटचे शब्द नीट आलेच नाहीत. मिस्त्रींनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते अडवायचं त्यांना सुचत नव्हतं.

बायकोने स्टूल त्यांच्याजवळ ओढलं. "तो बोलायचा तसं म्हणा," ती म्हणाली. "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.